यादवी आणि गुलामगिरी

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात अमेरिकेचा धडा आला की ‘यादवी युद्ध’ हा शब्द हमखास येतो. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे अमेरिकेची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये एकमेकांशी लढली, सहा लाखांहून अधिक माणसे मेली, गुलामी संपली. हे सगळे त्या जोडशब्दात बसवून आपण पुढच्या धड्याला लागतो. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की तो कुठून आला, हे विचारावेसेही वाटत नाही. पण त्या युद्धावरच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या की तोच शब्द पायात येऊ लागतो. कादंबरीत दिसणारी माणसे या शब्दात मावत नाहीत. म्हणून त्याचे मूळ नीट पाहायला हवे.

यादवी म्हणजे यादवांची ती, यादवांनी केली तशी. महाभारताचे सोळावे पर्व मौसलपर्व. मुसळ या शब्दावरून त्याचे नाव पडले. यादवांच्या पोरांनी कृष्णाचा मुलगा सांब याला गर्भार बाईचे सोंग देऊन ऋषींची थट्टा केली, ऋषी संतापले आणि सांबाच्या पोटी कुळाचा नाश करणारे लोखंडी मुसळ जन्मेल असा शाप देऊन बसले. घाबरलेल्या यादवांनी त्या मुसळाचा भुगा करून समुद्रात टाकला. भारतीय युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी सगळे प्रभासक्षेत्री जमले, मद्य प्याले आणि सात्यकी व कृतवर्मा या यादव वीरांमध्ये जुन्या युद्धातली उणीदुणी निघाली. कोणी झोपलेल्यांना मारले, कोणी हात तुटलेल्याला मारले, असे एकेक पाप बाहेर येऊ लागले. शब्दाने शब्द वाढला आणि हातघाई सुरू झाली. किनाऱ्यावर एरका नावाचे गवत माजले होते. ज्याने त्याने ते उपटले, उपटलेल्या पात्याचे मुसळ झाले आणि बापाने लेकाला, लेकाने बापाला मारले.

एरका म्हणजे आपल्याकडचे पाणकणीस असे मानतात. आपला भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव आणि गावोगावच्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, यांच्या कडेला, गाळाच्या ओलीत हे पाणकणीस पुरुषभर उंच वाढते. पाते लांब, चपटे, हाताला गार लागणारे. मधल्या दांड्यावर तपकिरी, मखमली कणीस. ते पिकल्यावर चिमटीत दाबले की फुटते आणि कापसासारखी म्हातारी वाऱ्यावर सुटते. त्या पात्याने माणूस मरेल हे कोणाच्या मनातही येणार नाही. कथाकाराला तेच सांगायचे असावे. भांडणाला हत्यार लागत नाही, हाताशी असेल त्याचे हत्यार होते.

आपल्या भागात यादव म्हटले की देवगिरीचे यादवही आठवतात. रामटेकच्या लक्ष्मणमंदिरात रामचंद्रदेव यादवाच्या काळचा शिलालेख आहे. पण ‘यादवी’चा त्या घराण्याशी संबंध नाही. हा शब्द द्वारकेच्या यादवांचा. आणि त्याचा अर्थ पक्का आहे : एका कुळाने स्वतःचा केलेला नाश.

मराठीत या शब्दाला एक धाकटे भावंड आहे, भाऊबंदकी. भाऊबंद म्हणजे भावकीतली माणसे. त्याला ‘की’ हा प्रत्यय लागला. पाटीलकीसारख्या शब्दांत तो हक्क किंवा नाते दाखवतो. म्हणजे भाऊबंदकीचा सरळ अर्थ नुसता भावकीचे नाते एवढाच व्हायला हवा होता. मराठी माणसाने त्याचा अर्थ भावकीतले वैर असा करून टाकला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनावर नाटक लिहिले, त्याचे नाव ‘भाऊबंदकी’ एवढेच ठेवले. प्रेक्षकाला आणखी काही सांगावे लागले नाही.

भंडारा ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्या राज्याचा इतिहासही याच शब्दाने लिहिता येतो. जानोजी भोसल्यांच्या मागे मुधोजी आणि साबाजी हे भाऊ गादीसाठी झुंजले. १७७५ च्या जानेवारीत नागपूरच्या दक्षिणेला पाचगावजवळ लढाई झाली आणि मुधोजींनी स्वतःच्या भावाला गोळी घातली. पुढे १८१७ मध्ये परसोजी भोसल्यांचा खून झाला आणि आप्पासाहेब गादीवर आले. सालभरात राज्य इंग्रजांच्या हाती गेल्यासारखेच झाले. ही आपल्या दारातली यादवी.

आता या दोन्ही शब्दांची नजर कुठे लागलेली आहे ते पाहा. यादवीत यादव दिसतात, भाऊबंदकीत भाऊ दिसतात. पाचगावच्या रणात मुधोजी-साबाजींच्या हत्तींमागून जे पायी गेले, वेठीला धरले गेले, ज्यांच्या उभ्या पिकातून फौजा गेल्या, ते या शब्दांत नाहीत. युद्ध म्हणजे एका घरातल्या दोघांचे भांडण असे एकदा ठरले, की त्या घरात राबणारे, त्या घराचे मालक नसलेले, कथेबाहेर जातात. शब्दाचा दोष नाही. तो ज्या कथेतून आला, त्या कथेची ती चौकट आहे.

इंग्रजीतला ‘सिव्हिल वॉर’ हा शब्द लॅटिनमधल्या नागरिक या अर्थाच्या शब्दापासून आला. रोमन लोकांना नागरिकांनी नागरिकांशी केलेले युद्ध सांगायचे होते. हिंदीने गृहयुद्ध म्हटले, तिथे घर आले. आपण यादवी म्हटले, तिथे कूळ आले. नागरिक, घर, कूळ या तिन्हींच्या कुंपणाबाहेर एक माणूस उभा राहतो. अमेरिकेत १८६१ साली असे सुमारे ४० लाख लोक होते. ते नागरिक नव्हते, कोणाच्या कुळाचे मानले जात नव्हते, आणि घरात होते ते मालमत्ता म्हणून. युद्ध त्यांच्यावरून पेटले होते.

खुद्द अमेरिकेत या युद्धाला एक नाव कधीच नव्हते. जिंकलेल्या केंद्र सरकारने आपली कागदपत्रे खंडामागून खंड छापली, त्यांच्यावर नाव घातले ‘बंडाचे युद्ध’. हरलेल्या दक्षिणेने ‘राज्याराज्यांमधले युद्ध’ हे नाव रुजवले, म्हणजे बंडाचा डाग पुसला गेला आणि गुलामीचा उल्लेखही टळला. आपल्याला हा प्रकार नवा नाही. १८५७ ला इंग्रजांनी शिपायांचे बंड म्हटले, सावरकरांनी १९०९ च्या ग्रंथात स्वातंत्र्यसमर म्हटले, कोणी उठाव म्हणतो. जो तो आपल्या बाजूने नाव ठेवतो, आणि कादंबरीकार पहिले पान लिहिण्यापूर्वीच त्यातले एक नाव उचलून बसलेला असतो.

त्या युद्धावरच्या नामांकित कादंबऱ्या या कसोटीला लावून पाहाव्यात. स्टीफन क्रेन यांची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ १८९५ ची. लेखकाचा जन्मच युद्धानंतरचा, १८७१ चा. तरी रणात पहिल्यांदा उतरलेल्या पोराच्या पोटात उठणारा भीतीचा गोळा त्यांनी असा पकडला, की लढून आलेल्यांना तो खरा वाटला. मात्र लढाई कशासाठी चालली आहे, हे त्या पुस्तकात जवळजवळ येतच नाही. मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ १९३६ ची. जॉर्जिया राज्यातले कापसाचे मळे, मळेवाल्यांची घरे, त्यांचा पडता काळ हे सगळे तिच्यात ओसंडून आहे. गुलाम आहेत ते मालकिणीच्या सुखदुःखाला धरून आहेत. ही कादंबरी त्या युद्धाला दक्षिणेच्या नावाने हाक मारते. दोन्ही पुस्तके मोठ्या ताकदीची, पण दोन्ही ‘यादवी’च्या कुंपणातली.

कुंपणाबाहेरून लिहिलेली कादंबरी टोनी मॉरिसन यांची, ‘बिलव्हेड’, १९८७ ची. तिच्या मुळाशी मार्गारेट गार्नर या स्त्रीची १८५६ मधली खरी घटना आहे. गुलामीतून पळालेली आई पकडली जाताना स्वतःच्या लेकराला मारते, कारण त्या लेकराने पुन्हा कोणाची मालमत्ता होऊ नये. कादंबरीत लढाईचे रण नाही, सेनापती नाहीत. युद्ध संपून गेले आहे, कायद्याने गुलामी गेली आहे, आणि तरी ती गुलामी त्या आईच्या घरात वस्तीला आहे. कथा सुरू होते ते साल १८७३.

हे साल मराठी वाचकाच्या ओळखीचे असायला हवे. १८७३ मध्येच पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन केला. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या सोळा भागांतल्या संवादाचे हे पुस्तक. आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या दास्यावर ते लिहिले आहे, पण त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना आहे. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी निरपेक्ष बुद्धीने झीज सोसली, त्या तिथल्या सज्जनांचा गौरव करून फुले आशा व्यक्त करतात की आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा. अमेरिकेतली गुलामी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला तेव्हा आठच वर्षे झाली होती.

फुल्यांना ही दूरची गोष्ट इतकी जवळची का वाटली, याची कारणे त्यांच्या भोवतीच होती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ पासून मुंबई इलाख्यात होते. अहमदनगरला त्यांच्या सिंथिया फॅरार यांनी चालवलेली मुलींची शाळा फुल्यांनी पाहिली होती. १८४२ पासून मिशनचे ‘ज्ञानोदय’ मराठीत निघत होते. आणि फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेन वाचला होता. अमेरिकेच्या युद्धातून त्यांनी जो शब्द उचलला तो यादवी नव्हता. भाऊ भावाशी लढले, हे त्यांना त्या युद्धातले मुख्य वाटले नाही. बांधलेला माणूस सुटला, हे मुख्य वाटले.

त्यांनी निवडलेल्या ‘गुलामगिरी’ या शब्दाची घडण पाहू. गुलाम हा अरबी शब्द, मूळ अर्थ पोरगा. फारसीतून येता येता तो चाकर झाला आणि मग विकत घेतलेला माणूस झाला. ‘गिरी’चा डोंगराशी संबंध नाही, धंदा, पेशा, वागणूक दाखवणारा तो फारसी प्रत्यय आहे. शिपाईगिरी, हमालगिरी ही त्याचीच पिल्ले. म्हणजे गुलामगिरी हा शब्द एखाद्या माणसाचे वर्णन करून थांबत नाही, ती एक चालू ठेवलेली व्यवस्था आहे असे सांगतो. पोरगा या मूळ अर्थाचा धागा तर समुद्रापलीकडेही निघतो. अमेरिकेच्या दक्षिणेत पिकल्या केसांच्या काळ्या माणसालाही गोरे लोक ‘बॉय’ म्हणूनच हाक मारत. अरबी शब्दाशी याचा काही संबंध नाही, पण वृत्ती एकच. ज्याला राबवायचे त्याला मोठा होऊ द्यायचा नाही. आपल्याकडेही साठीच्या सालदाराला ‘पोऱ्या’ म्हणणारी घरे होती.

इंग्रजीतला ‘स्लेव्ह’ हा शब्द स्लाव्ह या पूर्व युरोपातल्या लोकांच्या नावावरून आला. मध्ययुगात ते लोक लढाईत पकडून विकले जात. आपला ‘दास’ही असाच. ऋग्वेदात दास हे शत्रुपक्षाच्या लोकांचे नाव आहे, पुढे त्याचा अर्थ बंदा गुलाम झाला. दोन दूरच्या भाषांत एकच गोष्ट घडली : हरलेल्या लोकांचे नाव हेच त्यांच्या अवस्थेचे नाव झाले. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याने हे दोन शब्द टेबलावर लिहून ठेवावेत. युद्ध आणि गुलामी यांचे नाते इतिहासाच्या ग्रंथांआधी भाषेने नोंदवलेले आहे.

अमेरिकेचे ते युद्ध आपल्या मुलखात नुसते वर्तमानपत्रांतून आले असे नाही. कापसाच्या भावातून आले. विलायतेच्या गिरण्यांना चार हिश्शांपैकी तीन हिश्शांहून अधिक कापूस अमेरिकेतून मिळे. युद्धात दक्षिणेची बंदरे अडली आणि गिरण्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. मुंबईत पैसा ओतला गेला, १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव याच काळात दूरवर गेले. महाग कापसाचा फटका हातमागाला बसला. भंडारा भाताचा जिल्हा असला तरी पवनी, मोहाडी, आंधळगाव ही विणकरांची गावे. रेशीमकाठी कापडासाठी त्यांचे नाव होते. अमेरिकेतल्या मळ्यात गुलामाने वेचलेला कापूस आणि इथल्या कोष्ट्याच्या मागावरचे सूत एकाच बाजाराच्या दोरीने बांधलेले होते. एवढ्या एका गोष्टीत मोठी कादंबरी दडलेली आहे आणि ती मराठीतच लिहिली जाऊ शकते.

मराठी ऐतिहासिक कादंबरी याच सुमारास जन्मली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही पहिली मानतात. ती १८७१ ची, म्हणजे ‘गुलामगिरी’च्या दोनच वर्षे आधीची. कादंबरी हे नाव आपण बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या नायिकेवरून घेतले आणि सगळ्या साहित्यप्रकाराला दिले. इतिहास सांगण्याची रीत मात्र बखरीकडून घेतली. बखर हा शब्द ‘खबर’चा वर्णव्यत्यास मानतात, कोणी तो पत्राच्या शेवटी येणाऱ्या खैरियतीच्या फारसी शब्दांशीही जोडतात. काहीही असले तरी ती दरबाराला दिलेली खबर होती. गड, तह, रण, मसलत, फितुरी यांची. हरिभाऊ आपट्यांपासून ‘स्वामी’, ‘छावा’, ‘राऊ’, ‘पानिपत’पर्यंत या परंपरेने मराठी माणसाला आपला भूतकाळ जिवंत करून दिला. ‘पानिपत झाले’ असे आपण सर्वनाशाला म्हणतो, हे त्या आठवणीचेच बळ आहे. मला या कादंबऱ्यांविषयी मनापासून कृतज्ञता वाटते.

पण पेशवेकालीन कागदांत एक शब्द वारंवार येतो, कुणबीण. कुणब्याची बायको हा त्याचा साधा अर्थ. त्या कागदांत मात्र खरेदी-विक्री होणारी, कोठीत किंवा वाड्यात राबणारी स्त्री असा. बटीक हाही तसाच शब्द. हिंदुस्थानातल्या गुलामीला कायद्याने मिळणारा आधार १८४३ च्या कायद्याने काढून घेतला, म्हणजे अमेरिकेच्या तेराव्या दुरुस्तीच्या बावीस वर्षे आधी. त्या स्त्रियांना आईबापांनी दिलेले नाव काय होते, त्या कुठून आणल्या गेल्या, त्यांच्या लेकरांचे काय झाले? आपल्या ऐतिहासिक कादंबरीत कुणबीण परात घेऊन येते आणि जाते. तिला नायिका करणारी कादंबरी अजून हवी आहे. अॅलेक्स हॅली यांच्या १९७६ च्या ‘रूट्स’मध्ये कुंटा किंटे मालकाने लादलेले टोबी हे नाव मनातून कधी स्वीकारत नाही, एका नावासाठी चाललेला तो झगडा हेच त्या पुस्तकाचे युद्ध आहे. आपल्या वाड्यांमध्येही असे झगडे झालेच असतील.

मराठी वाचकाला हे नको आहे असे मुळीच नाही. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आले आणि घराघरांत गेले. ते कार्व्हर या काळ्या अमेरिकन शास्त्रज्ञाचे चरित्र आहे, कादंबरी नव्हे. पण युद्धाच्या धामधुमीत टोळीने पळवलेली गुलाम आई, परत मिळालेले तिचे मरतुकडे तान्हे आणि त्या तान्ह्याच्या मोबदल्यात दिलेला घोडा, ही हकिगत ज्याने वाचली तो विसरला नाही. माणसाची किंमत घोड्यात मोजली गेली, हे कळायला लढायांच्या सनावळ्या लागल्या नाहीत. त्याआधी १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर ग्रंथ लिहिला होता. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, त्यातला अर्धा शब्द अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचा आणि अर्धा इथला. दलित म्हणजे दळलेला, चिरडलेला. व्याकरणात हे कर्मणी रूप आहे. ते ऐकताच कोणी चिरडले, हा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेशी असलेल्या या नात्याचा एक दुवा थेट भंडाऱ्याला येऊन भिडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकनांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य बोलून दाखवले. गुलामी आणि अस्पृश्यता यांची बारकाईने तुलनाही त्यांनी केली. तेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले. ते हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. अमेरिकेतला गुलाम आणि इथला गावकुसाबाहेरचा माणूस यांना एका विचारात बसवणारा माणूस या जिल्ह्यात मते मागत फिरला, हा आपल्या इतिहासातला मोठा प्रसंग आहे. त्यावर कादंबरी व्हायला हवी.

या जिल्ह्यावरच्या इतर कादंबऱ्यांसाठी सामग्रीही हाताशी आहे. १८१८ मध्ये कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेबांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध उठले आणि कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतला. तेव्हाचा हा मुलूख भंडाऱ्याचा, आज गोंदिया जिल्ह्यातला. तुमसरजवळचा अंबागड भोसल्यांच्या काळात तुरुंग होता. त्या गडावर कोण कोंडले गेले, कामठ्याच्या वेढ्यात धान्य कोणी वाहिले, हे विचारायचे तर इथल्या झाडीबोलीत विचारावे लागेल. जी बोली डोळ्याला ‘डोरा’ म्हणते आणि पाण्याला ‘पानी’, तिच्यात त्या माणसांचे बोलणे आहे. दरबारी मराठीत ते परके वाटेल.

‘यादवी’ हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. आपल्याच माणसांच्या हातून आपला नाश कसा होतो, हे सांगणारा इतका थेट शब्द दुसरा नाही, आणि अमेरिकेच्या त्या युद्धात तेही घडलेच होते. पण तो एकटा पुरत नाही. शाळेत शिकवणाऱ्याने ‘अमेरिकेतील यादवी’ लिहिताना शेजारीच ‘गुलामगिरीविरुद्धचे युद्ध’ लिहावे, आणि मुलांना दोन्ही नावे कोणाच्या बाजूने बोलतात हे सांगावे. कादंबरी लिहिणाऱ्याने एक पाऊल पुढे जावे. पहिल्या शब्दात फक्त वारसदार दिसतात. ज्यांना वारसाच नाकारला गेला त्यांना पाहण्यासाठी फुल्यांनी १८७३ मध्ये दुसरा शब्द देऊन ठेवला आहे. अमेरिकेच्या कादंबरीने ती नजर मिळवायला शंभर वर्षांहून अधिक काळ घेतला. आपल्याकडे शब्द आधीपासून आहे. त्या शब्दाची कादंबरी लिहिणे एवढेच बाकी आहे.